फिरतं चाक आणि झोपलेली गाडी

मे महिन्यात जळगावात दुपारी दोन वाजता, उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडणं ही शिक्षाच असते. बाहेर पारा ४५ अंशांच्या घरात, बंद काचांच्या आत त्याहून वीसेक अंश जास्त. स्टिअरिंगला हात लाववत नाही, सीटबेल्टचं बक्कल चटका देतं. दुकानाचं शटर ओढण्याआधी फोनवरूनच गाडीतला एसी चालू करून ठेवायचा, ही सोय इथे चैन म्हणून कोणी घेत नाही. २०१९ साली एमजी हेक्टर आणि ह्युंदाई व्हेन्यू या गाड्या ‘कनेक्टेड’ म्हणून गाजत भारतीय बाजारात आल्या. टाटा, किया, महिंद्रा, मारुती यांची अ‍ॅपही त्याच सुमारास आली. जाहिरातीत बोट टेकलं की गाडी गार होते. प्रत्यक्षात बोट टेकलं की पडद्यावर एक चाक फिरू लागतं, फिरतच राहतं, आणि कधीकधी मिनिटभराने ‘विनंती पूर्ण होऊ शकली नाही’ असं सांगून थांबतं. तोवर माणूस गाडीपाशी पोचलेला असतो.

हे चाक आपल्याला काहीच सांगत नाही, खरी अडचण ती आहे. निरोप फोनमध्येच अडकला, वाटेत अडकला, गाडीने ऐकला नाही की ऐकून नाकारला, या सगळ्याला चित्र एकच.

खानदेशातल्या शेतकऱ्याला मात्र दुरून यंत्र चालवणं मुळीच नवं नाही, आणि त्याच्याकडे याहून चांगलं साधन आहे. शेतीपंपाची थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत मध्यरात्री मोटर लावायला जायचं म्हणजे अंधार, साप, थंडीत ओल्या बांधावरून चालणं. यावर उपाय म्हणून मोबाईल स्टार्टर आला. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या उपकरणाला २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत पुरस्कार मिळाला होता. त्यानंतर तशा डब्यांच्या कितीतरी जाती बाजारात आल्या. स्टार्टरच्या पेटीशेजारी सिमकार्ड घातलेला एक डबा बसवायचा, घरून त्या नंबरवर फोन लावायचा, आकडा दाबायचा, मोटर लागते.

आता मोटर लागली नाही तर शेतकरी काय करतो ते पाहा. रिंग वाजली, म्हणजे टॉवर ठीक, सिम ठीक, डब्याला वीज आहे. रिंग वाजूनही मोटर लागली नाही, तर एखादी फेज गेलेली असेल किंवा ओव्हरलोडने स्टार्टर पडलेला असेल. ‘स्विच ऑफ’ ऐकू आलं आणि डब्यात स्वतःची बॅटरी नसेल, तर शिवारातली लाईटच गेली. घरात खाटेवर बसून, एका कॉलमध्ये, बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे हे त्याने ओळखलेलं असतं. कोणत्याही दूरनियंत्रित यंत्राचा दोष शोधायची पद्धत हीच: वाट टप्प्याटप्प्यांत तोडायची आणि प्रत्येक टप्प्याला हाक मारून पाहायची.

गाडीला अशी हाक मारता येत नाही. तिच्यातही सिम असतं, पण ते बहुधा कारखान्यातच बसवलेलं ई-सिम असतं. यंत्रांनी यंत्रांशी बोलण्यासाठीच्या अशा सिमना दूरसंचार विभागाने २०१८ पासून तेरा आकडी क्रमांक देण्याची व्यवस्था केली. तो क्रमांक मालकाला ठाऊक नसतो, आणि असला तरी आपल्या फोनवरून त्यावर रिंग देता येत नाही. म्हणून ही वाट आधी नीट समजून घ्यावी लागते.

अ‍ॅपवर बोट टेकलं की निरोप थेट गाडीकडे जात नाही, गाडी पन्नास पावलांवर उभी असली तरी नाही. तो आधी आपल्या फोनच्या नेटवर्कवरून गाडी कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. सर्व्हर तपासतो की हा माणूस खरंच या गाडीचा मालक आहे का, त्याचं सदस्यत्व चालू आहे का. मग सर्व्हर गाडीच्या सिमच्या मोबाईल कंपनीकडे वळतो. तिच्या टॉवरवरून निरोप गाडीतल्या टेलिमॅटिक्स युनिटपर्यंत, म्हणजे ई-सिम असलेल्या डब्यापर्यंत पोचतो, तिथून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात उतरतो. बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडलेली कॅन बस ही पद्धत अजूनही बहुतेक गाड्यांत हे काम करते. तिथून एसीचं नियंत्रण करणाऱ्या युनिटला आज्ञा मिळते. आणि मग ‘झालं’ हा जबाब त्याच सगळ्या वाटेने उलटा फोनवर येतो.

इतकी लांब वाट म्हणजे वेळ लागणारच, असं वाटतं. पण हिशेब करून पाहा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. जळगाव ते मुंबई अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका बाजूला दोन मिलिसेकंद. सर्व्हर अमेरिकेत असला तरी जाऊन-येऊन पाव सेकंदाच्या आगेमागेच लागेल. गाडीच्या आतला निरोप तर एका मिलिसेकंदाच्या आत इकडून तिकडे जातो. अंतराचा सगळा खर्च मिळूनही एक सेकंद भरत नाही. मग उरलेली तीस-चाळीस सेकंदं जातात कुठे?

ती जातात गाडीला जागं करण्यात.

शेतातला डबा विजेच्या तारेला जोडलेला असतो, त्याला झोपायची गरज नाही. उभ्या गाडीला मात्र स्वतःच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर दिवस काढायचे असतात. इलेक्ट्रिक गाडीतही हीच छोटी बॅटरी असते, आणि कुलूप, दिवे, संगणक हे सगळं तिच्यावरच चालतं. समजा बॅटरी ४५ अँपिअर-तासांची आहे. गाडीतली सगळी यंत्रणा झोपून फक्त २० मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाला अर्धा अँपिअर-तास खर्च होतो आणि गाडी महिनाभर उभी राहूनही सुरू होते. तेच टेलिमॅटिक्स युनिट सतत जागं राहून २०० मिलिअँपिअर घेऊ लागलं, तर पाच दिवसांत निम्मी बॅटरी रिकामी. आठवडाभर लग्नाला गेलेल्या माणसाने परत येऊन धक्का मारायचा का? म्हणून गाडी बंद केल्यावर काही वेळाने टेलिमॅटिक्स युनिट झोपी जातं आणि अधूनमधून कान उघडून टॉवरकडे आपल्यासाठी काही आहे का एवढं ऐकतं. अनेक यंत्रणांत त्याला उठवायला सर्व्हर आधी एक छोटा एसएमएस पाठवतो. तो ऐकला की युनिट उठतं, टॉवरशी बोलणी करतं, डेटा चालू करतं, सर्व्हरला ओळख पटवतं, गाडीतल्या इतर युनिटना उठवतं, आणि तेव्हा कुठे एसीची आज्ञा घेतं.

यातून निदानाची एक सोपी खूण मिळते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी खूण तीच. पहिल्या आज्ञेला अर्धं मिनिट लागलं आणि लगेच दिलेल्या दुसऱ्या आज्ञेला पाच-सात सेकंदं, तर काहीही बिघडलेलं नाही. गाडी झोपली होती, आता जागी आहे. दोन्ही आज्ञांना सारखाच उशीर होत असेल, तर झोपेचा संबंध नाही, दोष वाटेत आहे. आणि गाडी काही दिवस उभी राहिल्यानंतर पहिली आज्ञा मुळीच पोचली नाही, पण एकदा किल्लीने सुरू केल्यावर सगळं सुरळीत झालं, तर युनिट गाढ झोपेत गेलं होतं. बॅटरी वाचवण्यासाठी बऱ्याच गाड्या काही दिवसांनी स्वतःच दूरची हाक ऐकणं बंद करतात.

इथे खानदेशचं ऊन पुन्हा आडवं येतं, आणि ते आपल्या लक्षात येत नाही. शिसे-आम्लाच्या बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा ढोबळ नियम तंत्रज्ञ सांगतात. जी बॅटरी थंड हवेच्या गावी चार-पाच वर्षं निभावते, ती भुसावळ-जळगावच्या उन्हात त्याआधीच कुरकुरू लागते. गाडी अजून सुरू होत असते, म्हणून मालकाला संशय येत नाही. पण व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेलं की गाडी सर्वांत आधी जी कामं सोडून देते त्यांत फोनशी बोलणं हे एक. अ‍ॅप पूर्वी चालत होतं, हल्ली सकाळी चालत नाही, गाडी फिरवून आणली की चालतं, अशी तक्रार असेल तर अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्यात दुपार घालवू नका. बॅटरीवाल्याकडे जाऊन लोड टेस्ट करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

आता रेंजबद्दल. लोक हमखास सांगतात, ‘माझ्या फोनला फुल रेंज आहे हो!’ असेल. तुमच्या फोनला. गाडीतलं ई-सिम कोणत्या मोबाईल कंपनीचं असावं हे गाडी बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. हेक्टर आली तेव्हा तिच्यात एअरटेलचं सिम होतं, व्हेन्यू आली तेव्हा व्होडाफोन-आयडियाचं. तुमच्या खिशात जिओ असेल, तर फोनवरच्या चार दांड्या गाडीबद्दल काहीच सांगत नाहीत. तुमच्या गल्लीत गाडीच्या सिमची काय अवस्था आहे हे पाहायचं असेल तर गाडी सुरू करून तिच्याच पडद्यावरची नेटवर्कची खूण बघा. किंवा त्याच कंपनीचं सिम असलेला शेजाऱ्याचा फोन आणून गाडी जिथे उभी राहते नेमकं तिथे धरा. धुळ्यात देवपूरच्या घरी उत्तम चालणारं अ‍ॅप जुन्या गावातल्या अरुंद बोळात अडतं, याचं कारण बहुधा एवढंच असतं. तळघरातल्या पार्किंगचं तर विचारूच नका. काँक्रीट आणि त्यातल्या सळया सिग्नल खातात.

मोबाईल स्टार्टरवाल्यांनी हा धडा आधीच गिरवलेला आहे. जुन्या डब्यांत टूजीचा मोडेम असतो. जिओचं जाळं २०१६ साली सुरूच झालं ते फोरजीवर, जिओकडे टूजी नाही. स्वस्त पडतं म्हणून त्या डब्यात जिओचं सिम घातलं की डबा मुका. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो डब्याचा नव्हे, सिमचा. गाडीच्या सर्व्हिस सेंटरमध्येही हा प्रश्न आधी विचारला गेला, तर बरेच हेलपाटे वाचतील.

रस्त्यावर हा प्रश्न आणखी उघडा पडतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यापाशी एकमेकांना छेदतात, आणि महामार्गालगत टॉवरांची उणीव नाही. पण महामार्ग सोडून सातपुड्याच्या बाजूला वळलं, किंवा चाळीसगाव सोडून कन्नड घाट चढू लागलं, की डोंगर मध्ये येतो. युनिट टॉवर शोधतं, सापडला नाही की थांबतं, पुन्हा शोधतं. प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा काळ वाढत जाईल अशी त्याची रचना असते, नाहीतर शोधण्यातच बॅटरी संपेल. म्हणून घाट उतरून सपाटीवर आल्यावर फोनला लगेच रेंज येते, पण अ‍ॅपमध्ये गाडी काही काळ घाटातच उभी दिसते. हा बिघाड नाही. थोडं थांबावं, नाहीतर गाडी बंद करून पुन्हा सुरू करावी.

गर्दीचंही तसंच. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत, घोडेबाजाराच्या दिवसांत, हजारो फोन त्याच मोजक्या टॉवरांवर तुटून पडतात. रेंज पूर्ण दिसते, डेटा हलत नाही. तिथे गाडीच्या सिमलाही त्याच रांगेत उभं राहावं लागतं. आणि खेड्यात लाईट जाऊन बराच वेळ झाला, की टॉवरची बॅटरीही केव्हातरी दम तोडते. ते शेतकऱ्याला सांगायला नको.

फोनकडचे दोष त्या मानाने किरकोळ, पण नेहमीचे. दुकानातलं वायफाय दाराबाहेर आलं की नावापुरतं उरतं, फोन मात्र त्यालाच चिकटून बसतो. वायफाय बंद करून पाहा, निम्म्या वेळा तिथेच काम होतं. बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप गोठवतात. मग एसी चालू झालेला असतो, पण तसं सांगणारी सूचना तुम्ही गाडीत बसल्यावर येते. सेटिंगमध्ये जाऊन या अ‍ॅपला बॅटरी सेव्हरमधून वगळावं. फोनची तारीख-वेळ हाताने बदललेली असेल तर सर्व्हर सुरक्षित जोडणी नाकारू शकतो, म्हणून वेळ आपोआप घेऊ द्यावी. आणि उन्हाचा मुद्दा इथेही आहेच. आयफोन शून्य ते ३५ अंश तापमानात वापरावा असं अ‍ॅपल सांगते, आणि फार तापल्यावर फोन आपला रेडिओ मंद करतो. डॅशबोर्डवर विसरलेला फोन उचलून त्यावरून एसी चालू करू पाहणाऱ्याने आधी फोन सावलीत न्यावा.

बोट पुन्हापुन्हा टेकवण्याची सवय मात्र सगळ्यांत वाईट. पहिली आज्ञा वाटेत असताना दुसरी, तिसरी दिली की काही सर्व्हर ‘आधीची विनंती चालू आहे’ म्हणून नकार देतात. काही सगळ्या रांगेत लावतात आणि गाडी उठल्यावर एसी चालू-बंद-चालू असा खेळ होतो. एकदाच टेकवा. मिनिटभर थांबा.

तेवढ्या वेळात अ‍ॅपवर ‘शेवटचं अपडेट’ किती वाजताचं आहे ते पाहा. शेतकऱ्याच्या रिंगचं काम इथे हीच ओळ करते. सकाळी गाडी बंद केली तीच वेळ दिसत असेल, तर त्यानंतर सर्व्हरचं गाडीशी बोलणं झालेलंच नाही. शोध गाडीच्या बाजूला घ्या, सिम किंवा बॅटरी. वेळ आत्ताची असेल आणि तरी आज्ञा फसत असेल, तर गाडीने निरोप ऐकून नाकारला आहे. दार नीट लागलेलं नाही, बॉनेट अर्धवट बसलंय, गिअर पार्कमध्ये नाही, इंधन किंवा चार्ज कमी आहे, अशा कारणांनी गाडी इंजिन किंवा एसी चालू करत नाही, आणि ते योग्यच आहे. त्याच न्यायाने, बंद गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या पेट्रोल-डिझेल गाडीचं इंजिन फोनवरून कधीही चालू करू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

कधीकधी दोष यांपैकी कुठेच नसतो. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी टेस्लाच्या सर्व्हरमध्ये बिघाड झाला आणि वेगवेगळ्या देशांतले मालक फोन हातात धरून आपल्याच गाडीबाहेर खोळंबले. नेटवर्कवरची वर्दळ चुकून वाढवली गेली असावी, असं इलॉन मस्क यांनी नंतर सांगितलं. त्या दिवशी ज्यांच्या खिशात कार्ड-किल्ली होती ते निघून गेले. मुक्कामाला जाताना खरी किल्ली घरी ठेवून फक्त फोनवर विसंबणारे आपल्याकडेही दिसू लागले आहेत. त्यांनी हे लक्षात ठेवावं.

सर्व्हरच्या ओळखतपासणीत जाणारी एक-दोन सेकंदं मात्र मी आनंदाने देईन. २०१६ च्या फेब्रुवारीत ट्रॉय हंट या सुरक्षातज्ज्ञाने दाखवून दिलं की निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीच्या अ‍ॅपचा सर्व्हर मालकाची ओळख तपासतच नव्हता. गाडीच्या चासी क्रमांकाचे शेवटचे आकडे कळले की जगाच्या पाठीवरून कोणीही तिचा एसी चालू करू शकत होतं. आदल्या वर्षी चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी दुरून एका जीपचा ताबा घेऊन दाखवला, आणि कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. अ‍ॅप फार झटपट चालत असेल तर ते कोणालाच काही विचारत नाही, अशीही शक्यता असते.

उशीर आणि बिघाड यांपलीकडचा एक शेवट मात्र या प्रत्येक गाडीच्या नशिबी आहे. गाडी पंधरा वर्षं चालते, मोबाईलची पिढी तेवढी टिकत नाही. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने २०२२ च्या फेब्रुवारीत थ्रीजी बंद केलं आणि अनेक कंपन्यांच्या जुन्या गाड्यांची अ‍ॅप-सेवा त्याबरोबर संपली. ब्रिटनमध्ये २०१६ पूर्वीच्या निसान लीफ गाड्यांचं अ‍ॅप १ एप्रिल २०२४ पासून बंद झालं, कारण त्यांच्यातलं युनिट टूजीवर बोलत होतं. गाड्या ठणठणीत होत्या. आपल्याकडे त्याआधीच आणखी एक मुदत येते: कनेक्टेड सेवा सुरुवातीची काही वर्षं फुकट असते, मग दरवर्षी पैसे भरावे लागतात. नूतनीकरण राहून गेलं की अ‍ॅप बंद पडतं, आणि मालक सर्व्हिस सेंटरला जाऊन ‘कनेक्शन येत नाही’ म्हणून भांडतो.

तेव्हा नवी गाडी घेताना सनरूफ पाहून झालं की विक्रेत्याला चार गोष्टी विचारा. ई-सिम कोणाचं आहे? तुमच्या घराच्या अंगणात आणि दुकानासमोर त्या कंपनीचं नेटवर्क कसं आहे? सेवा किती वर्षं फुकट, आणि पुढे वर्षाला किती रुपये? गाडी किती दिवस उभी राहिल्यावर अ‍ॅपला उत्तर देणं थांबवते? ही उत्तरं शोरूममध्ये लेखी मिळत नसतील, तर निव्वळ अ‍ॅपसाठी वरच्या मॉडेलचे जास्तीचे पैसे मोजू नका.